सिस्टरांचं मळकं स्टेशन

भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाला घरमालकीण काय विचारते? नोकरी कुठे, सोबत कोण, पाणी किती लागतं. सिस्टरांनी मला विचारलं, "तुझ्या गावच्या घराची कुठली भिंत आधी काळी पडते?"

मी ठाण्याजवळ टेमघरच्या त्या दुमजली घराच्या दारात बॅग घेऊन उभी होते. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये नुकतीच डिस्पॅचला लागले होते आणि खोली शोधून शोधून थकले होते. प्रश्न ऐकून मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारताहेत की काय म्हणून. मग गावचं घर डोळ्यांसमोर आणलं आणि म्हटलं, "मागची. न्हाणीघराची. पत्र्याची पन्हळ एका जागी फुटलीय, तिथून ओघळ येतो."

"आणि खालून?"

"खालून हिरवी."

"का हिरवी?"

"अंघोळीचं पाणी तिथेच जातं ना."

त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं ते मी आजही विसरलेले नाही. "खोली तुझी," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढ, हात धू आणि आत ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंना भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. घर म्हणजे ऑपरेशन थिएटर. फरशीला रोज फिनेल, उष्टी कपबशी क्षणभर दिसली तरी कपाळावर आठी. अशा बाईच्या आतल्या खोलीत काय असेल? तर मळ! बाटल्यांमध्ये भरून, चिठ्ठ्या चिकटवून, कपाटात ओळीने लावलेला मळ. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत तऱ्हेतऱ्हेची धूळ भरलेली. एकीवर 'शेलार, वीटभट्टी', दुसरीवर 'नाका, डिझेलची काजळी', तिसरीवर 'गंज, जुनं शटर'. आणि खोलीच्या मधोमध लोखंडी कॉटवर फळी टाकून, त्या फळीवर एक रेल्वे स्टेशन.

एवढंसं स्टेशन! तळहातावर मावेल असं तिकीटघर, बोटाएवढा पाण्याचा नळ, फलाटामागे बाभळीची झुडपं. ती झुडपं म्हणजे कापडाच्या लूमवरची टाकाऊ कापसाची पिंजी, हिरव्या रंगात बुडवून तारेवर चिकटवलेली. मी वाकून बघितलं आणि वाकलेलीच राहिले. कारण ते खेळण्यासारखं दिसतच नव्हतं. तिकीटघराच्या पिवळ्या भिंतीवर खिळ्याखालून गंजाचा बारीक ओघळ होता. नळाखाली शेवाळ होतं. पत्र्याच्या कडेला चुना फुगून पोपडा सुटला होता. मला वाटलं, आपण विमानातून खाली बघतोय आणि खाली खरोखरचा एखादा गाव आहे.

"हात लावू?" मी विचारलं.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्निश बाकी आहे."

निवृत्तीनंतर बाकीच्या नर्सबाया यात्रांना गेल्या. सिस्टरांनी नखाएवढ्या चाकांची गाडी आणली. कशी, कुठे बघितली, ते प्रत्येक वेळी वेगळं सांगायच्या, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. गाडीबरोबर परदेशी प्लॅस्टिकची घरंही आली होती, लालचुटुक छपरांची, चकचकीत. ती त्यांनी टेबलावर मांडली, चष्मा पुसून पुन्हा बघितली आणि त्यांना राग आला. "काल जन्मलेली घरं," त्या मला म्हणाल्या. "यांच्या दाराला कुणी हात लावलेला नाही. यांच्या छपरावर कावळा बसलेला नाही. कशी झोप लागत असेल त्यात माणसांना?" तेव्हापासून नवीन वस्तू जुनी दिसायला लावणं हाच त्यांचा धंदा झाला. धंदा म्हणजे वेड. कमाई शून्य.

भिंतीला त्या पेशंट म्हणायच्या. आधी हिस्ट्री घ्यायच्या. पाऊस कुठून येतो? ऊन कुठल्या बाजूला? इथे टेकून कोण उभं राहतं? सगळ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. "डाग पडायला कारण लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा त्यांनी मला एक सिग्नलची केबिन मळवायला दिली. गोडाऊनमधून दमून आले होते तरी मी हौसेने काळा रंग पाण्यात कालवला आणि केबिन चारही बाजूंनी झक्क काळपट करून टाकली. सिस्टरांनी ती उचलून दिव्याखाली धरली.

"काय झालंय हिला?"

"जुनी झालीय."

"जुनी नाही, रंगवलीय. मळ असा सगळीकडे सारखा बसतो का गं? तुझ्या पावलाला बसतो तसा कपाळाला बसतो?" मग त्यांनी कापसाचा बोळा ओला केला, जखम पुसावी तसा वरून खाली, एकाच दिशेने फिरवला. उंच भागावरचा रंग निघाला, फटींतला राहिला. आणि बघता बघता केबिनचं वय झालं! मी ओरडलेच. सिस्टर गालात हसत म्हणाल्या, "हळू. पेशंट घाबरेल."

नंतर मिठाची युक्ती शिकवली. तिने तर मला वेडंच केलं. पत्र्याला आधी गंजाचा तांबूस रंग द्यायचा. तो वाळला की किंचित ओला करून त्यावर स्वयंपाकाचं मीठ भुरभुरवायचं. त्यावरून निळा रंग. सगळं कडक वाळलं की अंगठ्याने मीठ खरवडून काढायचं. मिठाचे दाणे निघाले की निळ्या रंगाला खपल्या पडतात आणि खालून गंज डोकावतो. मी खरवडत होते आणि अंगठ्याखाली आमच्या गोडाऊनचं शटर तयार होत होतं. त्या दिवसापासून कामावर जाताना माझी नजर बदलली. ट्रकच्या फाळक्यावर गंज कुठे धरतो, पानटपरीच्या कोपऱ्यात किती उंचीपर्यंत लाल होतं, मुकादम ज्या खांबाला टेकून बिडी ओढतो तो खांब खांद्याच्या उंचीला कसा तुळतुळीत झालाय. रोज संध्याकाळी मी धापा टाकत जिना चढायचे आणि सिस्टरांना सांगायचे. त्या गॅस बारीक करून ऐकायच्या.

रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून भटकायचं. कुठे ब्रेक लागेल याचा नेम नसे. एकदा काल्हेरच्या वाटेवर एका बंद गोडाऊनसमोर त्यांनी स्कूटर थांबवली आणि भिंगाने शटर बघायला लागल्या. वॉचमन धावत आला.

"मैडम, आप बैंक से हैं क्या?"

"नहीं भैया. जंग देखना है."

"जंग? कैसी जंग?" तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"लोहे की जंग रे बाबा. ये देखो, कितनी सुंदर आयी है. ऊपर से पानी टपकता है ना?"

वॉचमनने वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्याला एकदम पटलं. "हाँ मैडम, टपकता तो है. मालिक को कब से बोल रहा हूँ." मग त्याने आम्हाला मागच्या बाजूचं अजून भारी गंजलेलं दार दाखवलं आणि सिस्टरांनी त्याच्याकडून कागदाच्या पुडीत गंज बांधून घेतला. परत येताना त्या स्कूटरवर गुणगुणत होत्या.

पण एक सल त्यांच्या मनात होता. ठाण्यात अशा छोट्या रेल्वेवाल्यांचा एक ग्रुप आहे. प्रत्येकाने आपापली फळी आणायची, रूळ एकमेकांना जोडायचे आणि एकच गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरवायची, असं त्यांचं प्रदर्शन. ग्रुपचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, अगदी सभ्य गृहस्थ. आदल्या खेपेला सिस्टरांची फळी बघून ते म्हणाले होते, "मॅडम, काम छान आहे, पण जरा जास्तच मळकं नाही का? लोक घरच्यांना घेऊन येतात." आणि फळी दाराजवळ, पडद्याच्या आड लावली होती. गाडी तिथवर गेलीच नाही. सिस्टर हे सांगताना हसायच्या. पण सांगायच्या वारंवार.

आणि या वेळी त्याच सेक्रेटरींचा फोन आला! मधली फळी आणणारे गृहस्थ ऐनवेळी येऊ शकत नव्हते. "मॅडम, आता मधला तुकडा तुमचा. तुमचं स्टेशन आलं नाही तर रूळच जुळणार नाहीत." सिस्टरांनी फोन ठेवला आणि मला कडकडून मिठी मारली. रविवारी सकाळी ठाण्याला पोचायचं होतं. शुक्रवारपर्यंत सगळं झालं होतं, फक्त वरून वॉर्निशचा हात मारायचा होता. त्याने धूळ धरून राहते. ते काम शनिवारवर ठेवून सिस्टर बाजारात गेल्या.

त्या शुक्रवारी त्यांची थोरली बहीण शेलारहून आली. सिस्टर तिला ताय म्हणायच्या, म्हणून मीही तायच म्हणायचे. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची, रिकामं बसणं ठाऊक नसलेली बाई. मी ड्युटीवरून परतले तेव्हा सिस्टरही नुकत्याच दारात पोचल्या होत्या. आतून साबणाचा वास येत होता.

"आली गं बाय?" ताय पदराला हात पुसत बाहेर आली. तोंड आनंदाने फुललेलं. "तुजं ते इस्टेशन बघ जा. किती घाण झालती त्याच्यावर! म्हनलं, ठान्याची मान्सं बघनार, माज्या बहिनीला नावं ठेवतील. बारीक ब्रश घेतला नि समदं घासून काढलं. आता कसं लख्ख दिसतंय!"

आम्ही आत गेलो. स्टेशन लख्ख दिसत होतं. पिवळी भिंत पिवळीजर्द. पत्रा निळाशार. नळाखालचं शेवाळ गेलेलं, पोपडे गेलेले, झुडपांचा हिरवा रंग वाहून फलाटाच्या कडेला साचलेला. काल जन्मलेलं स्टेशन.

सिस्टरांनी मनगट उचललं. घड्याळ वळवून बघितलं, उगाचच. ताय एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली. मग तिच्या लक्षात यायला लागलं. "काय झालं? बोल ना गं. तुटलं काय?"

"ताय," सिस्टर म्हणाल्या, "ती घाण नव्हती. ती मी लावलेली."

"घान लावलेली? कोनी लावतंय घान?"

"मी लावते. वर्षभर लावत होते."

ताय तिथेच खाली बसली. साबणाने सुरकुतलेले दोन्ही हात तिने तोंडावर घेतले आणि रडायला लागली, लहान मुलीसारखी. मला वाटलं, आता सिस्टर सेक्रेटरींना फोन करणार आणि सगळं संपणार. पण त्या तिच्याजवळ बसल्या, तिचे हात तोंडावरून काढून आपल्या मांडीवर घेतले आणि अचानक त्यांच्या अंगात वारं शिरलं. "रडतेस कशाला? पेशंट जिवंत आहे! उद्याचा अख्खा दिवस आहे. तू," माझ्याकडे बोट, "उद्या सुट्टी टाक. ताय, तू घरी फोन कर, राहते म्हणून सांग. सकाळपासून ड्युटी लावू."

आणि काय तो शनिवार! सकाळी आठाच्या आत कापूस, ब्रश, बाटल्या, मीठ, सगळं ट्रेमध्ये मांडलेलं. मी पत्र्यावर, सिस्टर भिंतीवर. तळमजल्यावरचे चाचा, ज्यांच्या टेम्पोने स्टेशन ठाण्याला जायचं होतं, ते ताजी पिंजी घेऊन आले आणि चहा पिऊन तिथेच झुडपं वळत बसले. ताय मात्र कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कशाला हात लावायला तयार नव्हती.

दुपारी सिस्टरांनी बाकड्यामागची भिंत हातात घेतली आणि नेहमीसारखं स्वतःशीच पुटपुटल्या, "इथे कोण बसायचं…"

"आपुन," कोपऱ्यातून आवाज आला.

सिस्टरांनी मान वर केली. हे स्टेशन कुठलं, ते मला तोवर त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते कसारा लाइनवरचं, त्यांच्या आजोळचं स्टेशन होतं. जुनी इमारत पाडून तिथे कधीच नवीन झालीय. सिस्टर तेव्हा फार लहान, त्यांना नळ आणि पिवळा रंग एवढंच आठवत होतं. बाकीचं त्यांनी फोटोंवरून आणि इकडच्या तिकडच्या स्टेशनांवरून जुळवलं होतं.

"बाकड्यावर आपुन बसायचो," ताय उठून जवळ आली. "आय तेल थापायची ना डोक्याला, चपचपीत. मंग गाडी येईपरयंत भितीला डोकं टेकायचं. भितीवर गोल गोल डाग व्हते तेलाचे, समद्या लोकांचे. आपले दोन खाली व्हते. तुजा तर लय खाली. तू बाकड्यावर बसून मान ताणलीस तरी मान्सांच्या डागाला पोचत न्हवतीस."

"आणि आय?" सिस्टरांनी ब्रश खाली ठेवला. "आय कुठे बसायची?"

"आय कवा बाकड्यावर बसली? ती खाली, पाटी घिऊन. जांभळांची पाटी. लोकांनी घेतली तर घेतली. पाटीखाली फरशी जांभळी व्हायची. मास्तर वरडायचा, 'बाई, फरशी खराब केली.' आय पदरानं पुसायची, पन डाग काय जायचा न्हाय."

चाचांनी हातातलं झुडूप खाली ठेवलं. मग सिस्टर ताडकन उठल्या. तेलाचे डाग करायला त्यांनी खोबरेल तेल, चिमूटभर काजळी आणि वॉर्निशचा थेंब घोटला आणि टाचणीचं डोकं त्यात बुडवून टाचणी तायच्या हातात दिली. "तू लाव."

"मी? नको गं बाय, मी पुना बिघडवीन."

"तुला जागा माहितीय. मला नाही."

तायने श्वास रोखून, मोहरीएवढे डाग भिंतीवर ओळीने टेकवले. मग खाली दोन. त्यातला एक खूपच खाली. आणि जांभळांसाठी सिस्टरांनी कपाटातून जेन्शन व्हायलेट काढलं! जखमेला लावायचं ते जांभळं औषध. जन्मभर लोकांच्या अंगाला लावलेलं. काडीच्या टोकाने फरशीवर मसुरीएवढं वर्तुळ उमटवलं आणि ओल्या बोटाने जरासं पुसलं, पदराने पुसल्यासारखं. दोघी बहिणी डोक्याला डोकं लावून त्या डागाकडे बघत बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता यायचं नाही. संध्याकाळी वॉर्निशचा हात फिरला तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी चाचांनी टेम्पो असा चालवला की विचारू नका. "सिस्टर, आज माल नहीं, दुल्हन ले जा रहा हूँ," म्हणत प्रत्येक खड्ड्याला सलाम करत गेले. मागे आम्ही तिघी फळीला धरून बसलो होतो. हॉलमध्ये रूळ जुळले, वीज आली आणि बर्फाच्या डोंगरांतून, लाल छपरांच्या गावांतून वळसे घेत गाडी आमच्या स्टेशनात शिरली.

लोक येत होते, लाल छपरांवरून नजर फिरवत पुढे सरकत होते, आणि आमच्या फळीशी आले की खाली वाकत होते. वाकायचे आणि तिथेच राहायचे. एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं, "अगं बघ, इथे जांभळं सांडलीत!" मागे रेटारेटी सुरू झाली. शेवटी सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला लागेल इतके वाकले.

"हे गोल गोल कसले डाग आहेत?"

"आमची डोसकी," ताय म्हणाली. "ह्यं माजं, नि ह्यं खालचं हिचं."

सेक्रेटरी हसले नाहीत. बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि सिस्टरांना म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी मी तुम्हाला पडद्यामागे बसवलं. माझं चुकलं." आणि जरा थांबून, शाळेतल्या मुलासारखे अडखळत, "पलीकडे त्या वळणावर माझं एक घर आहे. लाल छपराचं. ते… तुम्ही मळवून द्याल का?"

"देईन की," सिस्टर म्हणाल्या. "त्या घरात राहतं कोण?"

"कोण म्हणजे? मॉडेल आहे हो ते."

सिस्टर त्या वळणाकडे वळून बघू लागल्या. तेवढ्यात कंट्रोलवर बसलेल्या पोराने हाक मारली, "सर, गाडी सोडू का?"

सेक्रेटरींनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. "थांब रे जरा," ते म्हणाले. त्यांची नजर आपल्या लाल छपराकडे लागली होती. "एक म्हातारा असेल," ते सावकाश बोलू लागले. "एकटाच. बायको गेली असेल त्याची. खिडकीत बसत असेल, उजव्या बाजूच्या. चहाचा कप ठेवत असेल तिथे, रोज त्याच जागी…"

तायने खुर्ची पुढे सरकवली. "बसा," ती म्हणाली, "नि नीट सांगा."

ते बसले आणि सांगत राहिले. सिस्टर मान तिरकी करून ऐकत होत्या, लोकही ऐकत होते, आणि तोवर गाडी आमच्या फलाटाला लागून उभी होती.